नाकवाल्या गाडीच्या काचा

१८ नोव्हेंबर, वणी

गाडी उभी आहे, पण आंधळी आहे. डबा झाला, रंग झाला, आतल्या मांडण्या झाल्या, मागून चढायला लोखंडी पायऱ्या झाल्या. खिडक्यांच्या जागी मात्र अजून नुसती भोकं. रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस त्यातून मुंडकं आत घालतो आणि विचारतो, "काय बनून राह्यलं, भाऊ?"

"दुकान. साड्यांचं."

"हाव का? मले वाटलं कुत्रे पकडाची गाडी हाय."

मी हसलो. गिऱ्हाईक नसलेल्या माणसावर रागावून फायदा नाही.

गाडी जुनी, नाकवाली. बोनेट पुढं आलेलं, चेहरा म्हाताऱ्या बैलासारखा. जन्मभर कोळसा वाहिला तिनं. तीनदा धुतली तरी सांध्यांतून काळं पाणी येतंच. मालक तिला भंगारात देत होता. मी इंजिन ऐकलं आणि सौदा केला. इंजिन खोटं बोलत नाही, माणसासारखं.

काचा धम्मदीप बसवतो आहे. वणीत रोज कुठल्या ना कुठल्या टिप्परची काच फुटते, त्यामुळे काचवाल्याला जेवायला सवड नाही. तरी माझी गाडी पाहून तो हातातलं काम टाकून आला. डब्याच्या दोन्ही बाजूंना खाटेएवढी एकेक खिडकी, कोपरे गोल. अशी काच तयार मिळत नाही. आधी पुठ्ठ्याचा फर्मा कापायचा, तो भोकात बसवून पाहायचा, मग फर्मा नागपूरला जातो आणि तिथून त्या मापाची काच भट्टीत टफन, म्हणजे कडक, होऊन येते. टफन झालेल्या काचेला पुन्हा कापता येत नाही, घासताही येत नाही.

धम्मदीपनं विचारलं, "सरकती ठेवू का फिक्स?"

"फिक्स. धूळ नको, बाजारातला कालवा नको. आत आलेल्या बाईला वाटलं पाहिजे का नागपुरात आली."

"पाहा बरं, नीळूभाऊ. मंग उघडाची सोय नाही राहनार."

"दुकान उघडायला दरवाजा आहे ना, बाबा!"

२० नोव्हेंबर, दिग्रस

रात्री जेवताना शीलाला फर्म्याचं सांगितलं. तिनं एकच विचारलं, "बाया हात कुठून लावतीन?"

"आत येऊन लावतील."

"बरं."

तिचं 'बरं' मला कधीच बरं वाटत नाही.

मागच्या उन्हाळ्यात मी सुरभीकडे, म्हणजे आमच्या मुलीकडे, नागपूरला गेलतो. तिथं एका शोरूमच्या काचेसमोर बायका उभ्या होत्या. एकीचीही पापणी हलत नव्हती. गाडीची कल्पना तिथंच डोक्यात आली. हेही शीलाला पूर्वी सांगून झालं आहे. आज पुन्हा सांगितलं तर म्हणाली, "अन् आत किती गेल्या?"

"ते मोजायला मी रिकामा होतो का?"

"उभे त रिकामेच होते."

माझं शिक्षण नववी. बाकीची शाळा मी कानांनी केली. आधी सायकलवर गठोडं घेऊन गावोगाव फिरलो, मग दिग्रसच्या बाजारात ताडपत्री टाकली. ताडपत्रीवर बसायचं, मान खाली, साड्यांच्या घड्या घालत राहायचं. बायांना वाटतं याचं लक्ष नाही. एक दुसरीला हळूच म्हणते, "चारशेले देल्ली त घेऊ व." मग मी मान वर करतो आणि चारशे साठ सांगतो. थोडी ओढाताण होते, चारशे वीसला ती जिंकते. घरी जाताना ती खूश, मीही खूश. लोक म्हणतात नीळकंठच्या हाताला यश आहे. हाताला काही नाही, कानाला आहे.

आता ताडपत्री पुरे झाली. गाडी आमच्या ओळीत शिरणार नाही, ती रस्त्याच्या कडेला लावावी लागेल. म्हणून आज शेजारच्या फकिराला सांगून टाकलं, "जागा तुझी." तो भांडी विकतो, त्याला जागा नेहमी अपुरी पडते. बाजारातल्या जागेला कागद नसतो. ज्याची ताडपत्री पडते त्याची जागा, आणि दोन-तीन बाजार पडली नाही की हद्दीचे दगड सरकतात. मग देवाला सांगा की पोलिसाला, जागा परत मिळत नाही.

शीला म्हणाली, "फकिराभाऊले सांगून आले?"

"सांगून आलो."

ती उठली आणि भांडी घासायला गेली. जेवण माझं अजून व्हायचं होतं.

२७ नोव्हेंबर, वणी

काचा नागपूरहून यायला वेळ आहे. घरी बसवत नाही, ताडपत्रीवर बसलो तरी मन गाडीत. यष्टीनं यवतमाळ, तिथून वणी. गाडी चालू करून आत बसलो. उजव्या चौकटीतून बारीक करकर ऐकू आली. तिथलाच एक वेल्डर हाताशी होता, चौकटीला आतून पट्टी मारून घेतली. करकर गेली. धम्मदीप दुकानात नव्हता, त्याला कशाला त्रास द्यायचा.

४ डिसेंबर, वणी

काचा आल्या. काय काच आहे! आतून पाहिलं तर काच आहे हेच कळत नाही.

डावी बसली. उजवी बसेना. धम्मदीपनं फर्मा काढून पाहिला, चौकटीत हात फिरवला, मग माझ्याकडे पाहिलं.

"ही पट्टी कोनं मारली?"

"करकर येत होती."

"फर्मा घेतला तवा ही नव्हती, नीळूभाऊ."

"नखभर तर आहे. घास की काच जरा."

"टफन हाय. घासली का भुगा."

"मग रबर पातळ लाव."

तो नको म्हणत होता. मी चहा मागवला, त्याला त्याच्या कामाची दोन खरी-खोटी कौतुकं ऐकवली, मग पुन्हा सांगितलं. शेवटी तो म्हणाला, "तुमची गाडी, तुमची मर्जी." पातळ रबर लावला, दाबून-दाबून बसवली. बसली! कारागीर नेहमी नाहीच म्हणतो, त्याला हो म्हणायला लावणं हाही धंदाच आहे.

५ डिसेंबर, आर्णीजवळ

फुटली.

काही आदळलं नाही, दगड लागला नाही. एका गतिरोधकावर गाडी जरा वाकडी उतरली आणि आत बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. खिडकीतली काच गायब आणि सगळ्या साड्यांवर हरभऱ्याएवढे काचेचे दाणे. शीला घरून माल घेऊन यवतमाळपर्यंत आली होती, तिथंच मांडण्या भरल्या होत्या. मीच घाई केली होती, दिग्रसला भरली गाडी घेऊन शिरायचं म्हणून.

रस्त्याच्या कडेला एका वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आम्ही दोघं साड्या झटकत बसलो. एकेक उलगडायची, झटकायची, उन्हात धरून पाहायची. कापूस वेचणाऱ्या बाया आल्या, त्यांनीही झटकायला हात लावला. झटकता झटकता एकीनं विचारलं, "ही जांभळी केवढ्याले?" शीलानं तिथंच विकली. एक हिरवीही विकली. मी म्हटलं, "ही वेळ आहे का धंद्याची?"

"मंग कोन्ती असते?"

तिच्या बोटाला दाणा लागला होता, रक्त आलं होतं. मी पदर बांध म्हटलं तर म्हणाली, "तुमची काच बी तुमच्यावानीच निंगाली. फुटली त सगळीच्या सगळी."

धम्मदीपला फोन केला. तो "मी सांगतलं होतं" म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

१५ डिसेंबर, वणी

पट्टी कापून काढली, नवा फर्मा घेतला, नवी काच आली. या वेळी मी तोंड उघडलं नाही.

काम पाहण्यासारखं आहे. काचेच्या चारी बाजूंनी रबर चढवायचा, रबराच्या खाचेत सुतळी बसवायची, साबणाचं पाणी लावायचं. एक माणूस बाहेरून काच चौकटीवर दाबून धरतो, दुसरा आतून सुतळी हळूहळू ओढत जातो. सुतळी निघते तसा रबराचा ओठ पलटून चौकटीवर चढतो. शेवटच्या कोपऱ्यात सुतळी सुटली तेव्हा 'पच' असा आवाज आला. तो ऐकूनच मला कळलं, आता ही हलत नाही.

मग मी आत बसलो, दरवाजा लावला आणि धम्मदीपला खूण करून सांगितलं, बाहेरून मला शिव्या दे. त्याला आधी लाज वाटली. मग सुटला. त्याचं तोंड हलत होतं, हात हलत होते, शेजारच्या पंक्चरवाल्यानंही दोन घातल्या असाव्यात, कारण सगळे पोट धरून हसत होते. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. मागून एक टिप्पर हॉर्न वाजवत गेला, तोही मुका.

बाहेर येऊन धम्मदीपला मिठी मारली. "काय काय म्हटलं रे?"

"नाही ऐकलं ना? मंग जाऊ द्या, नीळूभाऊ."

२० डिसेंबर, दिग्रस

पहिला बाजार. गाडी पोचली तेव्हा भाजीवाल्यांनीही मान वर केली. दोन्ही काचांमागे पैठणीच्या घाटाच्या, वर लगनाच्या, खाली रोजच्या. उन्हात गाडी देवघरासारखी दिसत होती.

दिवसभर गर्दी काचेला. बाया उभ्या राहतात, बोट दाखवतात, काचेत पाहून केस नीट करतात, पुढं जातात. तांड्यावरची रामीबाई आली. ही माझी सगळ्यात जुनी गिऱ्हाईक, तिच्या तिन्ही पोरींच्या लगनाची कापडं माझ्याकडची. सून सोबत होती. दोघी काचेशी बराच वेळ बोलल्या. मी आतून हसून बोलावलं. रामीबाईनं पहिल्या पायरीशी चपला काढल्या, पाय पाहिले. वेचणीवरून आली होती, पायांना माती. चपला पुन्हा घातल्या आणि गेली.

विक्री म्हणावी तशी नाही. पहिला दिवस पाहण्याचाच असतो.

शीला गाडीत बसली नाही. पायऱ्या चढून गुडघे दुखतात म्हणे. एक गठोडं घेऊन फकिराकडे सावलीत गप्पा मारत बसली, गाडीतून ती ओळ दिसत नाही. येताना गठोडं हलकं होतं. माहेरच्या बाया भेटल्या असतील, वाटली असतील दोन-चार. मी काही विचारलं नाही. बायकोचं मन राखावं.

२४ डिसेंबर, पुसद

मोठा बाजार, तरी तेच. दोघी आत आल्या, चोरासारख्या. मी भाव सांगितला, तर एकीनं दुसरीकडे असं पाहिलं, जणू मी शिवीच दिली. मी लगेच कमी केला, तर दोघींना साडीचाच संशय आला. माझ्या आयुष्यात असं झालं नाही. माझा आकडा चुकत नसतो.

मोबाईलमुळे हे झालं. घरबसल्या साड्या मागवतात, मग बाजारातला भाव कसा पटेल? गाडीत स्पीकर लावून घ्यायचा विचार आहे, मंद संगीत.

२७ डिसेंबर, दिग्रस

स्पीकर लावला. आत फार छान वाटतं.

दुपारी फकिरा काचेशी आला, तोंड वाकडंतिकडं करून गेला. मी दार उघडून विचारलं काय म्हणत होता.

"म्हटलं, नीळू, पेटीतला मासा दिसून राह्यला तू. लेकरू उचलून दाखवाले आनू का?"

मी हसलो. मनातून नाही हसलो.

नंतर शीलाही येऊन गेली. ओळीकडे हात करून काहीतरी सांगत होती. नवीन गिऱ्हाईक आत येण्याच्या बेतात होतं, म्हणून मी हात हलवला, मान डोलावली. ती क्षणभर उभी राहिली आणि गेली. गिऱ्हाईकही गेलं.

जेवण जात नाही. गाडीत बसलो की बाहेर यावंसं वाटतं, बाहेर आलो की गाडीकडे कोणी पाहतंय का ते पाहावंसं वाटतं. शीला मात्र संध्याकाळी भाकऱ्या करताना गुणगुणत होती. हिला काळजी कशी नाही?

३ जानेवारी, दिग्रस

आज जे झालं ते कोणाला सांगणार नाही.

दोन बाया डाव्या काचेसमोर उभ्या होत्या. मोरपंखी साडीकडे बोट. एक बोलते, दुसरी बोटांवर हिशेब करते, पहिली मान हलवते. भाव ठरत होता! माझ्यासमोर, हातभर अंतरावर, आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. मी स्पीकर बंद केला. तरी नाही. मी दोन साड्या बाजूला सारल्या आणि काचेला कान लावला.

धम्मदीपनं काम चोख केलं आहे. मला फक्त माझ्याच कानाचा घूं आवाज आला.

डोळा वर केला तर त्या बाया माझ्याकडे पाहत होत्या. काचेला चिकटलेला माणसाचा कान आणि अर्धा गाल. एक किंचाळली असावी, तोंड तसं उघडलं होतं. दुसरी इतकी हसली की खाली बसली. माणसं जमली.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. सहा आठवडे करकर, धूळ, रबर, सुतळी यांच्या मागे धावलो आणि दुकानाचे कान मीच माप देऊन बंद करून घेतले.

दुपारी दरवाजा उघडा ठेवून बाहेर काचेजवळ उभा राहिलो. तेही जमेना. मी जवळ गेलो की बाया गप्प. उभ्या बाप्यासमोर कोण बोलेल? खाली बसलेल्या, मान खाली घालून घड्या करणाऱ्या माणसाला त्या माणूस धरत नव्हत्या, म्हणून तर बोलत होत्या.

५ जानेवारी, दिग्रस

धम्मदीपला फोन केला. काच सरकती करता येईल का?

"टफन हाय, नीळूभाऊ. आता थे जशी हाय तशीच."

"मग काढून विकून टाकू. कोणी घेईल का?"

"तुमच्या भोकाच्या मापाची हाय ना थे. दुनियेत दुसऱ्या गाडीले बसत नाही."

शीलाला अजून काही बोललो नाही. ताडपत्रीवर परत जायचं म्हटलं तर ताडपत्री टाकणार कुठं? जागा मीच देऊन बसलो. तीन बाजार झाले, दगड केव्हाच सरकले असणार. या वयात ओळीच्या शेवटी, गुरांच्या बाजाराला लागून बसायचं? तिथं साडी कोण घेतं? सारखा उठतो, दारापर्यंत जातो, परत येतो. शीला म्हणाली, "काय येरझारा घालून राह्यले? बसा ना एका जागी." एका जागी!

१० जानेवारी, दिग्रस

गाडी लावली, पण उघडली नाही. सरळ फकिराकडे गेलो. म्हटलं लाज सोडावी आणि मागावी, निदान अर्धी तरी.

"फकिरा, एक बोलायचं होतं. त्या जागेचं..."

"कोन्त्या जागेचं?"

"माझ्या. म्हणजे तुझ्या."

फकिरा पातेली मांडता मांडता थांबला. "मी कुठं बसलो, बाप्पा, तुह्या जागेवर? वयनीनं पहिल्याच बाजारी ताडपत्री टाकली. मी म्हटलं, मले नीळूनं देल्ली. त म्हने, देनारे थे कोन? मले कोनी इचारलं?"

मी वळून पाहिलं. ओळीत, होती तिथंच, आमची ताडपत्री. शीला मांडी घालून मधोमध. समोर सात-आठ बाया उकिडव्या. एकीच्या खांद्यावर साडी टाकून शीला म्हणत होती, "पाह्य व, गोऱ्या रंगावर कशी उठून दिसते!" ती बाई काळीसावळी होती आणि फार खूश होती. बाजूला रामीबाई, मातीच्या पायांनी थेट ताडपत्रीवर.

गठोडं तर एकच न्यायची! नंतर पाहिलं तर फकिराच्या भांड्यांमागे आणखी दोन होती.

संध्याकाळी विचारलं, "मला सांगितलं का नाही?"

"सांगाले आलती. काचंतून तुम्ही हात हालवला."

मी गठोडी मोजायला लागलो. मग तीच म्हणाली, "गाडी राहू द्या. माल न्यायले कामाची हाय. अन् काचा कायले काढता? पानी नाही येत आत."

१७ जानेवारी, दिग्रस

गाडी रस्त्याला लावली, कुलूप घातलं, गठोडी ओळीत आणली. शीला आधीच बसली होती. मी नेहमीच्या जागी बसायला गेलो.

"तिकडं सरका जरा," ती म्हणाली. "इथं बाया बसते."

मी कडेला सरकलो. एक साडी घेऊन घडी घालू लागलो, मान खाली. हळूहळू बाजार कानात यायला लागला. भाजीवाल्याचं ओरडणं, फकिराच्या ताटांचा खणखणाट, बांगड्या, कोणाचं तरी लेकरू. इतक्या दिवसांनी इतका कालवा, आणि मला झोप लागेल की काय इतकं बरं वाटत होतं.

दोन बाया येऊन बसल्या, लांबच्या गावच्या. एक दुसरीच्या कानाशी लागली. मी श्वाससुद्धा हळू घेतला.

"हा कोन व बसला?"

"शीलाबाईचा घरवाला असन. थो काचंच्या गाडीतला."

"हा का थो? मले वाटलं म्हातारा असन."

मी घडी घालत राहिलो. मग त्यांचं साडीचं सुरू झालं. अबोली, बारीक काठ. "साडेतीनशेच्या वर नाही जायचं," एक पुटपुटली. आला आकडा! मी साडीखालून शीलाला बोटानं टोचायला हात सरकवला, तोंड उघडलं.

"तुमच्याकरता तीनशे नव्वद," शीला म्हणाली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. तिच्या मांडीवर साडी होती आणि तिची मान खाली होती.

तीनशे साठला गेली. तिघीही खूश.

दिवसभर मी एकशे... जाऊ द्या, पुष्कळ घड्या घातल्या. हात दुखतात. शीलाचा अंदाज बरा आहे, थोडी घाई करते एवढंच. तीनशे सत्तरला गेली असती. पुढच्या बाजारापासून भाव मीच सांगणार आहे. तिला अजून तसं बोललो नाही.